प्रिय मोटारीचा प्रतिनिधि

संस्कृत व्याकरण शिकविणारे आमचे गुरुजी म्हणत असत कीं, आगम हा मित्रासारखा आणि आदेश हा शत्रूसारखा. आगम येतो तो मूळ अक्षराच्या शेजारीं बसतो. त्याला धक्का लावीत नाहीं. आदेश मात्र मुळाला जागेवरून उठवितो आणि तेथें आपण ठाण मांडून बसतो. हा दाखला शाळेंत मीं कित्येक वर्षें मुलांना सांगितला. परंतु आदेशाचें हें शत्रुत्व मनुष्याच्या काळजाला कसें झोंबतें याचा अनुभव मला निवृत्त झाल्यानंतर, आणि तोही एका मोटारीच्या निमित्तानें आला.

आमचें कुटुंब एकत्र असून घर सोलापुरांत दक्षिण कसब्यांतील एका अरुंद बोळांत आहे. पंच्याऐंशी उलटलेली आई, वडील वहिनी, मी व सौभाग्यवती, पुतण्या, सूनबाई आणि त्यांचीं दोन मुलें, अशीं आठ माणसें एका चुलीवर जेवतों. पुतण्या सनदी लेखापाल आहे. हिशेबतपासणीच्या कामासाठीं त्याला जिल्हाभर आणि महिन्यांतून दोनदां पुण्यास जावें लागतें.

2025 च्या सप्टेंबर महिन्यांत सीना नदीला महापूर आला. मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्यानें वेढलीं. पुतण्या त्या दिवशीं मोहोळ तालुक्यांत एका स्नेह्याच्या मळ्यांत मुक्कामास होता. रात्रींतून पाणी चढलें. माणसें गच्चीवर जाऊन वाचलीं, जनावरें मोठ्या कष्टानें उंचावर नेलीं. मोटार मात्र अंगणांत उभी होती ती तशीच बुडाली. पाणी ओसरलें तेव्हां तिच्या बैठकींवर चिखलाचा जाड थर बसला होता. ज्या पुरानें शेतकऱ्याचें वर्षाचें अन्न वाहून नेलें, त्यांत एका मोटारीचें रडगाणें काय गावयाचें, असें पुतण्याच म्हणाला, आणि तें खरेंच होतें. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किंमतीहून अधिक होईल असें विम्याच्या तपासनिसानें ठरविलें आणि रीतीप्रमाणें रक्कम हातीं आली. पैसे आले, परंतु तशी गाडी पुन्हां येणार नव्हती, कारण ती आपल्या देशांत आतां तयारच होत नाहीं.

ती होती फोक्सवॅगन कंपनीची पोलो, आणि त्यांतही जी. टी. या नांवाची चपळ जात. नांव परदेशी असलें तरी गाडी आमच्याच मुलखांतली. पुण्याजवळ चाकण येथें कंपनीचा कारखाना 2009 सालीं सुरू झाला. 2010 पासून पोलो विकली जाऊं लागली आणि बारा वर्षांनीं, म्हणजे 2022 सालीं, तिचें येथील उत्पादन थांबलें. तोंपर्यंत लोकांचा ओढा उंच बांध्याच्या गाड्यांकडे वळला होता. खरी स्पोर्ट्स कार म्हणजे दोनच बैठकींची, उघड्या टपाची. पोलो तशी नव्हे. तथापि एकत्र कुटुंबांतल्या तरुणाला स्पोर्ट्स कारचा जेवढा आनंद परवडतो तेवढा ती पुरेपूर देई. पुतण्याच्या गाडींत एक लिटरचें, तीन नळकांड्यांचें पेट्रोल इंजिन होतें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु एक लहानसें चक्र फिरवितो, तें चक्र बाहेरची हवा दाबून नळकांड्यांत भरतें. हवा अधिक मिळाली म्हणजे इंधन अधिक जाळतां येतें आणि लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. यालाच टर्बो म्हणतात. त्याच्या योगानें त्या लहानशा गाडीला 110 अश्वशक्ति आणि 175 न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, मिळे.

परंतु आमच्या घरीं तिचें महत्त्व या आंकड्यांत नव्हतें. माझे वडील बंधु 2023 सालीं वारले. शेवटच्या वर्षांत उपचारासाठीं त्यांना पुण्यास न्यावें लागे. एकेरी अडीचशे किलोमीटरचा तो प्रवास पुतण्या अशा हलक्या हातानें करी कीं, मागें बसून मीं हातांत धरलेल्या पेल्यांतलें पाणी हिंदकळत नसे. बंधु डोळे मिटून म्हणत, “गाडी कसली, पाळणाच आहे.” ती गाडी बुडाली तेव्हां वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या रात्रीं त्या जेवल्याही नाहींत.

पुढें नव्या गाडीचा विचार निघाला आणि प्रत्येकानें आपलें मत मांडलें. सौभाग्यवतींना सामानास जागा हवी, सूनबाईंना मुलांची सुरक्षितता हवी, शेजारच्या नानांना तर आमच्यासाठीं सात माणसांची उंच गाडीच हवी होती. आईचे गुडघे दुखतात, हें सर्वांचें शेवटचें व बिनतोड कारण. पुतण्यानें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, “काका, तुम्ही मोठी माणसें मिळून ठरवा. कोणतीही घ्या. मला आतां सगळ्या सारख्याच.”

हें वाक्य मला बोंचलें, कारण असें वाक्य मीं स्वतः एकदां उच्चारलें होतें. मॅट्रिक झाल्यावर पुण्यास जाऊन व्याकरणाचें पुढील अध्ययन करावें अशी माझी फार इच्छा होती. घरची स्थिति पाहतां तें शक्य नव्हतें. वडिलांनीं शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून नोकरी धरावयास सांगितलें, आणि तें योग्यच होतें. खंत एवढीच कीं, “पुण्यांत तुला खरोखर हवें आहे तें काय ?” असें मला कोणीं विचारलें नाहीं, आणि “कांहींही चालेल” म्हणून मीही मोकळा झालों. कोणीं विचारलें असतें तर, रोज दोन तास एखाद्या शास्त्र्यापाशीं बसून ग्रंथ लावणें, एवढेंच मीं मागितलें असतें. आणि तें सोलापुरांतही मिळण्यासारखें होतें. पण हें माझें मलाच उमगावयास बारा वर्षें गेलीं. म्हणून त्या रात्रीं मीं पुतण्यास जवळ बसविलें आणि आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा किती बारकाईनें विचार केला आहे तें सांगितलें.

यज्ञांत सांगितलेलें द्रव्य मिळालें नाहीं तर काय करावें, हा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायांत आला आहे. कर्म टाकून द्यावयाचें नाहीं. मुख्य द्रव्याऐवजीं प्रतिनिधि घ्यावयाचा. व्रीहि म्हणजे भात मिळाला नाहीं तर नीवार, म्हणजे आपोआप उगवणारें रानभात, घ्यावें. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीक घ्यावा. मात्र हातास लागेल तें द्रव्य चालत नाहीं. मुख्याचे गुण ज्यांत अधिकांत अधिक असतील तेंच घ्यावें, आणि जें निषिद्ध आहे तें कितीही सदृश असलें तरी घेऊं नये. यापुढचा नियम तर फारच मार्मिक आहे. घेतलेला प्रतिनिधीही नष्ट झाला तर पुढचें द्रव्य मुळाशींच ताडून पाहावें, त्या नष्ट झालेल्या प्रतिनिधीशीं नव्हे. आणि शेवटीं एक मर्यादा घातली आहे : द्रव्याला प्रतिनिधि चालतो, देवतेला चालत नाहीं आणि यजमानालाही चालत नाहीं.

पुतण्या हंसून म्हणाला, “काका, जैमिनीनें मोटार कोठें पाहिली होती ?” मीं म्हटलें, “मोटार नसेल पाहिली; पण आवडती वस्तु गमावलेला मनुष्य पाहिला होता.”

हा नियम मोटारींस कसा लागू पडतो याचें उदाहरण मग त्यानेंच मला दिलें. इंग्लंडांत एके काळीं लहान, हलक्या, उघड्या टपाच्या दोन बैठकींच्या मोटारी पुष्कळ निघत. एम. जी., ट्रायम्फ, लोटस हीं त्यांतलीं प्रसिद्ध नांवें. त्यांपैकीं ट्रायम्फची स्पिटफायर ही त्याच कंपनीच्या हेराल्ड गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती, आणि हेराल्ड म्हणजे आपल्याकडे मद्रासेस तयार होऊन गांवोगांव दिसणारी स्टँडर्ड हेराल्ड. म्हणजे आमच्या पिढीनें रस्त्यांत पाहिलेल्या त्या साध्या गाडीची ती चुलत बहीणच. एम. जी. बी. आणि स्पिटफायर या दोन्ही 1980 सालीं बंद झाल्या. रसिक हळहळले. नऊ वर्षांनीं, 1989 सालीं, जपानच्या माझ्दा कंपनीनें एम. एक्स.-5 ही गाडी आणली. जुन्या इंग्लिश गाड्यांचे प्रधान गुण कोणते तें तिच्या कर्त्यांनीं निवडून काढलें : हलकें वजन, उघडा टप, इंजिन पुढें व जोर मागच्या चाकांवर, आणि घोडा व स्वार एक व्हावेत तशी गाडी व चालक यांची एकरूपता. वजन सुमारें 950 किलो एवढेंच ठेविलें. जुन्या गाड्यांचें तेलगळणें आणि पावसांत रुसून बसणें हे मात्र त्यांनीं गुण मानले नाहींत. 2016 सालीं या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली. म्हणजे प्रतिनिधि म्हणून आलेली ही गाडी स्वतःच मुख्य होऊन बसली. आतां लोक तिलाच प्रतिनिधि शोधीत असतात.

आपल्या बाजूलाही असा एक प्रयत्न झाला होता. गोव्यांत 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नांवाची दोन बैठकींची, फायबरच्या अंगाची लहान गाडी निघूं लागली. तिला रेनो कंपनीचें 1149 घन सेंटिमीटरचें इंजिन बसविलेलें होतें. फार थोड्या घरांत ती पोहोंचली. आठ माणसांच्या घरांत दोन बैठकींची गाडी आली तर उरलेल्या सहांचें काय, हा प्रश्न आपल्याकडे सुटत नाहीं. म्हणून आपल्या तरुणांचें स्पोर्ट्स कारचें वेड पोलोसारख्या पांच दारांच्या गाडींतच भागतें.

मग आम्हीं कागद घेतला. “तुझ्या गाडींत तुला काय आवडत असे तें क्रमानें लिही, नांव, रंग, बिल्ला यांतलें कांहीं लिहावयाचें नाहीं,” असें मीं त्यास सांगितलें. तो पुष्कळ वेळ बसला. पहिलें लिहिलें तें, वेग वाढला तरी रस्ता न सोडणारी स्थिरता. दुसरें, सुकाणूचा हातास लागणारा जडपणा. तिसरें, दुसऱ्या वाहनापुढें जातांना चटकन् मिळणारा जोर. चौथें, चार मीटरच्या आंत मावणारें अंग. या कागदानें अर्धें काम झालें. उंच गाड्यांत चौथा गुण कित्येकींस होता, पण पहिला व दुसरा त्याच्या मनासारखा नव्हता.

आंकडे पाहूं गेलों तर मोठी मौज दिसली. पोलोचा पीळ 175 न्यूटन-मीटर. टाटांच्या अल्ट्रोझ रेसरचा 170. ह्युंदाईच्या आय-20 एन लाइनचा 172. आणि पोलोच्याच घराण्यांतल्या, चाकणलाच तयार होणाऱ्या व्हर्टसचा, तिच्या एक लिटरच्या इंजिनांत, 178. चौघी जवळजवळ सारख्या ! वर्गांत चार मुलांस सारखे गुण मिळाले म्हणून तीं मुलें सारखीं होत नाहींत, हें शिक्षकास सांगावयास नको. पत्रकावरील आंकड्यांवरून गाडी निवडूं नये, तिच्यांत बसून निवडावी, एवढें त्यावरून कळलें.

पाहणी सुरू झाली आणि मीमांसेंतील तो मार्मिक नियम आम्ही साफ विसरलों. पहिल्या गाडीहून दुसरी प्रशस्त म्हणून बरी वाटली. दुसरीहून तिसरी उंच म्हणून बरी. तिसरीहून चौथीला छतांत कांच होती म्हणून ती बरी. तीन आठवड्यांनीं आम्ही एका अवाढव्य डिझेल गाडीपुढें उभे होतों आणि सर्वजण माना डोलावीत होतों. प्रत्येक पाऊल शहाणपणाचें वाटत होतें, आणि तरी मुळापासून आम्ही दहा कोस दूर आलों होतों ! पुतण्यानें खिशांतून तो कागद काढला. चारांपैकीं एकही गुण त्या गाडींत नव्हता. “काका, आपण कालच्या गाडीशीं ताडीत आलों, आपल्या गाडीशीं नव्हे,” तो म्हणाला. त्या दिवसापासून, कालच्या गाडीचें नांव काढावयाचें नाहीं, असा घरांत दंडकच घातला.

व्हर्टसविषयीं त्याचें मन फार ओढत होतें, कारण चाल तीच, घराणें तेंच. परंतु तिची लांबी 4561 मिलिमीटर. पोलो 3971 ची होती. वहिनींनीं रांगोळी घेऊन अंगणांत नव्या गाडीचा चौकोन आंखला. दिंडीदरवाजा लागेना, आणि बोळांतलें वळण तर पोलोलाच दोन खेपांत घ्यावें लागे. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तु व सेवा कराचे नवे दर आले आहेत. चार मीटरच्या आंतील व 1200 घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीस 18 टक्के आणि त्याहून मोठ्या गाडीस 40 टक्के कर पडतो. अंगण आणि कर या दोघांनीं मिळून व्हर्टस बाद केली.

मग जुनी पोलोच कां घेऊं नये, असा विचार आला. मुख्य द्रव्य मिळत असतां प्रतिनिधि घेऊं नये, हाही शास्त्राचाच नियम. पुण्यास एक मिळाली. तीच जात, तोच रंग. पुतण्या तिच्यांत बसला, सुकाणूवर हात ठेविले, आणि दोन मिनिटांत उतरला. परततांना बसमध्यें म्हणाला, “काका, गाडी तीच आहे, पण आपली नाहीं. तिच्यांत बसलों तर रोज मी आप्पांनाच शोधीत राहीन.” मीं कांहीं बोललों नाहीं. देवतेला व यजमानाला प्रतिनिधि नाहीं, ही मर्यादा मीं त्यास शब्दांनीं सांगितली होती. ती त्याला कळली ती त्या दोन मिनिटांत.

उरल्या दोन. विक्रेते गाडी गांवाबाहेरच्या रस्त्यापर्यंतच चालवूं देतात, आणि सपाट रस्त्यावर सर्वच गाड्या सरळ जातात. म्हणून ओळखीच्या दोन घरांतून दोन्ही गाड्या एकेक दिवस मागून आणल्या आणि तुळजापूरचा रस्ता धरला. पंचेचाळीस किलोमीटर सरळ वाट आणि शेवटीं बालाघाटाचा तो वळणावळणाचा चढ. परीक्षेस याहून चांगला पेपर कोणता? मागच्या बैठकीवर आई, वहिनी व मी आणि माझ्या हातांत पाण्याचा पेला, अशी व्यवस्था केली.

अल्ट्रोझचीं दारें जवळजवळ काटकोनांत उघडतात. आई तींत विनासायास बसली व उतरली, आणि तिनें तेथेंच आपलें मत दिलें. सूनबाईंचेंही मत तिकडेच, कारण अपघाताच्या चाचणींत अल्ट्रोझला 2020 सालींच पांच तारे मिळाले होते. दुसरे दिवशीं आय-20 एन लाइन घेऊन निघालों. हिची खालची रचना त्याच कंपनीच्या साध्या आय-20 हून ताठ ठेविलेली, सुकाणू अधिक जड केलेलें आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. घाटांत तिसऱ्या वळणावर मीं सहज आरशांत पाहिलें, तों पुतण्याचा चेहरा दिसला. पुरानंतर तो चेहरा तसा मीं पाहिला नव्हता. पेल्यांतलें पाणी किती सांडलें हें पाहावयाचें मी विसरलों.

घरीं येऊन पुन्हां सभा भरली. एकीकडे आईची सोय, एकीकडे पुतण्याचें मन. आपल्या घरांत अशा वेळीं वडिलांची सोय जिंकते व तरुण गप्प बसतो, ही रीत. पण आईच म्हणाली, “अरे, मी महिन्यांतून एकदां बसणार, तो रोज बसणार, आणि आपणां सगळ्यांना सुखरूप आणणार. त्याचा हात जींत बसेल ती घ्या. माझ्या गुडघ्यांचें मी पाहीन.” आणि तिनें खरोखरच पाहिलें. उतरतांना बैठक खोल लागते एवढीच तिची अडचण होती. वहिनींनीं सोलापुरी चादरीची चौपदरी घडी शिवून बैठकीवर घातली. बैठक तीन बोटें उंच झाली आणि आईचा प्रश्न दोन टांक्यांत सुटला. सूनबाईंनीं मुलांच्या बैठकी आणि सहा हवापिशव्या आहेत याची खात्री करून घेतली आणि मग होकार दिला.

गाडी आली त्या दिवशीं पुतण्यानें दार मिटलें आणि थोडा थबकला. दार मिटल्याचा आवाज वेगळा होता. “हा तो आवाज नव्हे,” तो म्हणाला, मग हंसून, “पण तो कागदावर लिहिलेलाच नव्हता.” वहिनींनीं गाडीला ओवाळलें. जुन्या गाडीच्या किल्लीस बंधूंनीं अडकविलेली लहानशी पितळी घंटा पुरांतून वांचली होती. ती नव्या गाडीस लावूं, असें मुलगा म्हणाला. वहिनी म्हणाल्या, “नको रे. ती देवघरांत राहूं दे. नवीला तिची स्वतःची येईल.” माझ्या साऱ्या मीमांसेचें तात्पर्य त्या माउलीनें दोन वाक्यांत सांगितलें.

घरांतली आवडती वस्तु जाते आणि तिच्या जागीं दुसरी आणावी लागते, हा प्रसंग मोटारीपुरताच येत नाहीं. अशा वेळीं ज्याची ती वस्तु होती त्याला, तुला तिच्यांत काय आवडत होतें, एवढें शांतपणें विचारावें; त्याचें उत्तर कागदावर घ्यावें, आणि दुकानांत गेल्यावर तो कागद विसरूं नये. गेलेल्या माणसाला मात्र त्या कागदावर घालूं नये. त्याची जागा देवघरांत आहे, दुकानांत नाहीं. एवढें सांभाळलें तर नवा आलेला आदेश शत्रु राहत नाहीं. आमच्या बोळांत रोज सायंकाळीं एक हॉर्न वाजतो, आई दिंडीकडे पाहते आणि म्हणते, “आला ग तो.” गाडी कोणती हें ती पाहत नाहीं.